‘अलीजंट’ : अर्ध्यातच मिटलं

पुस्तक पावसाळ्यात घेतलं, आता उन्हाळा लागलाय. इतके महिने उशाशी पडून आहे आणि खूण अर्ध्याच्या जरा पुढे अडकली आहे. आता काही मी ते वाचत नाही. (पुढे शेवट फुटणार आहे. वाचायचं असेल तर इथेच थांबा.)

व्हेरॉनिका रॉथच्या या मालिकेचा पहिला भाग, ‘डायव्हर्जंट’ (२०११), मी जागून संपवला होता. पडकं शिकागो, माणसं पाच गटांत वाटलेली, आणि सोळाव्या वर्षी हाताला चिरा देऊन रक्त आपल्या गटाच्या भांड्यात टाकायचं. नायिका ट्रिसचं रक्त निखाऱ्यांवर चुरचुरतं, तिथे मी गळाला लागले. हे गट कशासाठी, कुंपणापलीकडे काय, एवढं कळावं म्हणून तर तिसरा भाग (२०१३) घेतला.

आधीचे दोन्ही भाग एकटी ट्रिस सांगते. इथे काही प्रकरणं तिची, काही तिच्या प्रियकराची, टोबायसची. कल्पना चांगलीच. पण टोबायस म्हणजे बापाच्या पट्ट्याचा मार खाल्लेला, चारच गोष्टींना भिणारा, म्हणून ‘फोर’. असा मुलगा स्वतःशी ट्रिससारखाच कसा बोलेल? दोघांचीही तीच तुटक वाक्यं, तोच वर्तमानकाळ. ‘मी तिच्याकडे बघतो’ असं आपल्या भाषेत निदान क्रियापदावरून कळलं असतं. इंग्रजीत तीही सोय नाही. मध्येच चहाला उठलं की परत येऊन आधी प्रकरणाचं नाव बघायचं, मग वाचायचं.

बरं, कुंपणापलीकडे काय? तर ओहेर विमानतळावर थाटलेली एक सरकारी संस्था. शहर हा त्यांचा प्रयोग; कुणाची जनुकं शुद्ध, कुणाची बिघडलेली. आधी धावत्या ट्रेनमधून उड्या मारणारी ही पोरं आता खोल्यांमध्ये बसून माहिती ऐकतात. टोबायसची जनुकं बिघडलेली निघतात, तो खचतो, आणि इथे काहीतरी घडेल असं वाटतं. पुन्हा चर्चाच.

टोरीचं तर फारच लागलं. ट्रिसची चाचणी घेणारी, तिला टॅटू काढून देणारी टोरी कुंपणाच्या वाटेवर गोळी लागून मरते, आणि जो भाऊ मेला म्हणून ती जळत होती तो पलीकडे जिवंत! एवढं हाताशी असून लेखिका त्यावर फार रेंगाळत नाही.

ट्रिस शेवटी मरते, हे भाचीने सांगून टाकलं. त्यावरून बऱ्याच वाचकांनी बोटं मोडली. माझी मरण्याला हरकत नाही. पण तोवर तिच्याबद्दल काही वाटायचंच राहिलं नव्हतं. सिनेमावाल्यांनी या एका पुस्तकाचे दोन चित्रपट करायचं ठरवलं होतं. पहिला २०१६ मध्ये पडला, दुसरा आलाच नाही.

पाचपैकी दोन, तेही टोरीसाठी. सेटच्या नादी लागू नका, पहिला भाग सुटा घ्या. तिसरा हवाच असेल तर माझी प्रत घेऊन जा, कोरीच आहे जवळजवळ. पोस्टाचा खर्च तुमचा.