मेटाल्डिहाइड २.५ टक्के गोळ्या : सोयाबीनवरील गोगलगायींपुढे कितपत उपयोगी?

२०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली आणि अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली. तेव्हापासून आमच्या भागातील कृषी सेवा केंद्रांत पाऊस सुरू झाला की मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांची विचारणा होऊ लागते. आम्हीही त्या सोयाबीनमध्ये वापरत आलो आहोत. औषध गुणकारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे; मात्र दुकानदार सांगतो तितके ते सोपे नाही.

हे फवारणीचे औषध नसून आमिष आहे, म्हणजे गोगलगायीने गोळी खाल्ली तरच त्याचा उपयोग. ती रात्री चरते आणि दिवसा बांधावरच्या तणात, दगडांखाली किंवा पालापाचोळ्यात दडून बसते. त्यामुळे एकरी २ किलो या प्रमाणात गोळ्या संध्याकाळी टाकाव्या लागतात आणि त्यातही बांधाच्या कडेला हात सैल सोडावा लागतो. सकाळी टाकलेल्या गोळ्या दिवसभराच्या सरीत भिजून फुटतात आणि पैसे मातीत जातात.

गोळी खाल्लेल्या गोगलगायीच्या अंगातून चिकट स्राव बेसुमार सुटतो आणि ती सुकून मरते. उघडीप असेल तेव्हा सकाळी बांधालगत शंखांचा सडा दिसतो. झड लागलेली असेल, तर मात्र निपचित पडलेली गोगलगाय ओलाव्यातून पाणी शोषून पुन्हा सावरू शकते, आणि या औषधाविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ मला तरी येथेच दिसते. पडलेल्या गोगलगायी मेल्या असे गृहीत न धरता सकाळीच वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. वेचताना हातमोजे हवेतच, कारण माणसाच्या मेंदूला अपाय करणाऱ्या एका कृमीचा प्रसार या गोगलगायींमार्फत होतो.

गोळ्यांचा जमिनीतील अंड्यांवर काहीही परिणाम होत नाही, ही त्यांची मोठी मर्यादा आहे. एक गोगलगाय एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालते, त्यामुळे रोपे कुरतडलेली दिसल्यावर दुकान गाठणाऱ्याला पुन्हा पुन्हा खर्च करावा लागतो. पहिल्या चांगल्या पावसानंतर, उगवण होण्यापूर्वीच बांध स्वच्छ करून, गूळपाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी जागोजागी अंथरावीत आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचाव्यात; गोळ्या त्यानंतर उरलेल्यांसाठी. मजुरी धरूनही आम्हाला हा क्रम स्वस्त पडला.

विषारीपणाबाबत वेष्टनावरील सूचना बारीक अक्षरांत असते, हे मला खटकते. ही गोळी कुत्र्याने खाल्ली तर त्याला झटके येऊन ते दगावू शकते. कोंबड्या आणि जनावरांनाही धोका आहेच. ग्रेट ब्रिटनमध्ये, जेथे गहू आणि मोहरीवर्गीय पिकांतील बिनशंखाच्या गोगलगायींसाठी हेच रसायन वर्षानुवर्षे वापरले जात होते, पक्षी आणि वन्य प्राण्यांच्या काळजीने एप्रिल २०२२ पासून त्याच्या उघड्यावरील वापरास बंदी आहे. तेथील शेतकरी आता फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या वापरतात. आम्ही घरालगतच्या भाजीच्या वाफ्यांत मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकत नाही, आणि उरलेला पुडा कुलपात ठेवतो.