काळ्या गाडीसाठी कार्नोबा पेस्ट वॅक्स

पुण्याच्या धुळीत काळी गाडी ठेवणं म्हणजे हौसच! कार्नोबा, म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. याने बॉनेटला जी खोल, ओलसर झळाळी येते, तिला तोड नाही. पण ओरखडे घालवणं याचं काम नव्हे. उन्हात दिसणारी बारीक ओरखड्यांची कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी आधी पॉलिशनेच काढावी लागते. सावलीत, गार पत्र्यावर, अगदी पातळ हात द्या. बोट फिरवल्यावर धूसर थर स्वच्छ निघाला की मायक्रोफायबरने पुसा. जुनं बनियन अजिबात नको, काळ्यावर लगेच रेघा उठतात. खोट एकच: बंपरच्या काळ्या प्लास्टिकला लागलं तर पांढरे डाग हटता हटत नाहीत, म्हणून तिथे मास्किंग टेप. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा हात मारायचा कंटाळा असेल, तर सरळ पांढरी गाडी घ्या.