दुपारी दोन ते चारचा शिवणवर्ग : जन शिक्षण संस्थानच्या अभ्यासक्रमाचे परीक्षण

मुंबईत वरळीला १९६७ साली पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले तेव्हा गिरण्या चालू होत्या, आणि शाळा मध्येच सुटलेल्या कामगाराला पाळीच्या वेळा सांभाळून काही शिकता यावे, ही त्यामागची कल्पना होती. पुढे देशभर पसरलेल्या या विद्यापीठांना २००० साली जन शिक्षण संस्थान असे नाव मिळाले आणि २०१८ मध्ये ती मनुष्यबळ विकास मंत्रालयाकडून कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेली. अनुदान केंद्र सरकारचे, चालवणारी संस्था स्वयंसेवी, आणि प्रवेश १५ ते ४५ या वयातील निरक्षर, नवसाक्षर किंवा अर्धवट शिकलेल्यांना, अशी आज त्यांची साधारण रचना आहे. आमच्या उपनगरातील अशाच एका शिवणवर्गात निवृत्तीनंतर मी अर्ज भरून देण्याचे आणि हिशेब शिकवण्याचे काम करते. त्यामुळे हे परीक्षण आतल्या माणसाचे आहे, तटस्थ पाहुण्याचे नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

या वर्गाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे त्याची वेळ. समाजमंदिरात दुपारी दोन ते चार वर्ग भरतो. सकाळी चार घरची धुणीभांडी उरकून आलेली बाई त्या वेळी घरी पोहोचून दोन घास खाऊन मोकळी झालेली असते, आणि चारला सुटली की नळाला पाणी यायच्या आणि मुले शाळेतून परतायच्या आत ती पुन्हा घरी असते. बाजारपेठेतील खासगी क्लास संध्याकाळी पाचनंतर भरतात आणि संपूर्ण फी आगाऊ मागतात, म्हणजे ज्या बाईला हे शिक्षण सर्वांत जास्त हवे आहे तिला ते दोन्ही बाजूंनी बंद. आमच्या वर्गात शिकवणाऱ्या बाई गावची जत्रा, लेकीचे बाळंतपण, सासूचे आजारपण अशा कारणांनी बुडालेला भाग शनिवारी बसवून भरून काढतात. हजेरीचा नियम त्यांनाही पाळावा लागतोच, पण तो पाळता यावा अशी सोयही त्या करून देतात.

शिकवण्याची पद्धत मात्र जवळून पाहण्यासारखी आहे. पहिले काही दिवस मशीनला दोरा ओवतच नाहीत. रेघी वहीचे पान सुईखाली धरायचे आणि रेघेवरून मशीन चालवायची. भोके रेघेवर पडली तर पाय आणि हात यांचा मेळ बसला, रेघ सोडून वाकडी गेली तर पुन्हा नवे पान. कापड वाया जात नाही, दोरा तुटत नाही आणि चुकण्याची भीतीही राहत नाही. त्यानंतर येते ब्लाऊजची आखणी, आणि खरी अडचण तिथे असते, कारण छातीचा चौथा भाग, बारावा भाग असे हिशेब भागाकार न येणाऱ्या बाईला कसे सांगायचे? आमच्या बाई टेप दुमडायला लावतात. छाती ३६ असेल तर तेवढी टेप धरून मध्ये एकदा दुमडायची, पुन्हा एकदा दुमडायची, की चौथा भाग म्हणून ९ इंच हातात येतात. त्या नऊच्या तीन सारख्या घड्या घातल्या की गळ्याच्या रुंदीसाठी लागणारे ३ इंच मिळतात. छाती ३४ निघाली की हिशेब अवघड होतो, आणि मग ‘पावणेतीन आणि वर अर्धे सूत’ अशी भाषा सुरू होते. एका इंचात आठ सूत, पाव इंच म्हणजे दोन सूत, हे आठवड्याभरात सगळ्यांच्या तोंडी बसते. शाळेत अपूर्णांक शिकवण्यात माझी हयात गेली, पण इतक्या कमी रडारडीत ते कोणी शिकल्याचे मला आठवत नाही.

याच ओघात अक्षरओळखही येते. दुसऱ्याचे कपडे शिवायचे म्हणजे मापाची वही ठेवावी लागते, आणि वहीत गिऱ्हाइकाचे नाव, उंची, छाती, कंबर, बाही, कपडा द्यायची तारीख लिहावीच लागते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी आम्ही या वहीपासूनच सुरुवात करतो. केंद्राचा उल्लास हा प्रौढ साक्षरतेचा कार्यक्रम १५ वर्षांवरील कोणालाही खुला आहे, आणि वही लिहू लागलेल्या बायकांना त्याची चाचणी द्यायला नेणे त्यामुळे सोपे जाते.

आता उणिवा. आमच्या वर्गात सगळ्या मशीन पायाच्या आहेत. कापडाची कड बांधणारी ओव्हरलॉक नाही, आणि जुकी, म्हणजे कारखान्यात असते ती विजेवरची वेगवान मशीन, तीही नाही. घरी बसून ब्लाऊज आणि परकर शिवणाऱ्या बाईचे यात अडत नाही, पण कारखान्यात काम मागायला गेले की पहिल्याच मिनिटाला जुकीवर बसवून पाहतात. पायाच्या मशीनवर हात बसलेली बाई जुकीच्या वेगाला दचकते, शिवण पळते आणि मालक दुसरीला आत बोलावतो. जवळच्याच एका कारखान्यातून आमच्या तीन बायका अशाच परत आल्या. त्यांना शिवता येत नव्हते असे मुळीच नाही. त्यांनी ती मशीन आधी पाहिलेलीच नव्हती. प्रमाणपत्र राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकटीला जोडलेले आहे आणि डिजिलॉकरमध्येही मिळते, हे चांगलेच; पण उत्पादन मोजून पैसे देणारा मालक डिजिलॉकर उघडून पाहत नाही.

नोंदणीचा त्रास वेगळाच. अर्ज ऑनलाइन, त्याला आधारशी जोडलेला मोबाईल क्रमांक हवा, आणि तो क्रमांक बहुतेक घरांत नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. नवरा रिक्षावर, फोन त्याच्या खिशात, आणि ओटीपीची मुदत संपत आलेली, अशा अवस्थेत किती दुपारी गेल्या याचा हिशेब मी ठेवलेला नाही. नावांचा घोळ त्याहून चिवट. आपल्याकडे लग्नानंतर बाईचे आडनावच नव्हे तर मधले नावही बदलते आणि पुष्कळदा पहिलेही, त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक बाई आणि आधारवर दुसरी बाई असते. शिवणवर्गाच्या प्रवेशाला यामुळे फारसे अडत नाही, परंतु यातूनच उमेद येऊन एखादी दहावीचा १७ नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज भरायला निघाली की शाळा सोडल्याचा दाखला, विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, राजपत्रातील नावबदल, प्रतिज्ञापत्र अशी मालिका सुरू होते. हे काम करून देणारा माणूस केंद्रावर असणे हा माझ्या मते अभ्यासक्रमाचाच भाग असायला हवा. सध्या तो स्वयंसेवकांच्या सवडीवर सोडलेला आहे.

वयाची अट मला सर्वांत जास्त खटकते. विसाव्या वर्षाच्या आसपास लग्न झालेल्या बाईची मुले हाताशी येऊन तिला दुपारचे दोन तास मोकळे मिळू लागतात, तेव्हा ती चाळिशी ओलांडून गेलेली असते, आणि नेमक्या त्याच सुमारास या योजनेचे दार तिच्यासाठी बंद होते. अशा बायका आमच्याकडे येतात, बाकावर बसून बघतात आणि बघूनबघून शिकतातही. मात्र हजेरीपटावर त्यांचे नाव नसते आणि प्रमाणपत्र मिळत नाही.

अभ्यासक्रम संपल्यानंतर रोजगारासाठी जी मदत मिळायला हवी ती फार तोकडी आहे. आमच्या भागात साध्या ब्लाऊजला दीडशे-दोनशे रुपये शिलाई मिळते, अस्तराच्या ब्लाऊजला त्याच्या दुपटीच्या आसपास. पण पहिले गिऱ्हाईक शेजारीण असते आणि शेजारणीकडून पैसे मागायला जीभ रेटत नाही. शिलाईचा भाव कसा सांगावा, आगाऊ रक्कम कशी घ्यावी, बिघडलेल्या कपड्याची भरपाई कशी द्यावी, यावर अधिकृत अभ्यासक्रमात फार थोडा वेळ आहे. आमच्या बाई शेवटच्या महिन्यात वस्तीतल्या गिऱ्हाइकांचे खरे कपडे वर्गात शिवायला आणतात आणि मिळालेली शिलाई जिची तिला देतात, म्हणून आमच्याकडे निम्मे काम तिथेच भागते. हे प्रत्येक केंद्रावर होईलच असे नाही.

भांडवलासाठी दोन वाटा आहेत, आणि त्यांची नीट माहिती वर्गात मिळायला हवी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. तीत प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. लाभ कुटुंबातील एकालाच असल्यामुळे नवऱ्याने आधी सुतारकामासाठी अर्ज केला असेल तर बायकोचा अर्ज बसत नाही, एवढे घरात आधी बोलून घ्यावे. दुसरी वाट उद्यम नोंदणीची, म्हणजे आपला छोटा धंदा सरकारदरबारी नोंदवून मग कर्ज मागण्याची. ही नोंदणी पूर्णपणे मोफत आहे, तरीही कोपऱ्यावरचे झेरॉक्सवाले त्यासाठी पाचशे-सातशे रुपये घेतात आणि बायका निमूटपणे देतात.

घरच्या घरी शिवून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या, वेळेच्या आणि कागदपत्रांच्या अडचणीत अडकलेल्या बाईला मी हा वर्ग डोळे झाकून सुचवीन आणि पाचपैकी चार गुण देईन. कारखान्यात नोकरी हवी असणाऱ्या मुलीला मात्र अडीचपेक्षा जास्त देता येणार नाहीत. तिने नाव घालण्यापूर्वी केंद्रावर जाऊन जुकी आहे का ते स्वतः पाहावे, आणि नसेल तर येथे आखणी आणि कटिंग शिकून घेऊन शेवटचा महिनाभर एखाद्या कारखान्यात मदतनीस म्हणून धागे कापण्याच्या कामावर राहावे, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या मशीनवर हात बसवता येतो.