घरपोच हयातीचा दाखला: सत्तर रुपयांत आणखी एक वर्ष

सेवा पोस्टाची. पोस्टमन घरी येतो, पेन्शनर जिवंत आहे हे मशीनला पटवतो आणि दाखला काढून देतो. फी ७० रुपये, जीएसटी त्यातच. मी घेतली ती बेळगावात, शहापूरच्या राहत्या घरी. माझं मत आधीच सांगते: घ्या. पायात बळ असलं तरी घ्या. पुढे लिहिता लिहिता मी जरा भरकटले आहे, वयाचा मान ठेवून वाचा.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, म्हणून पेन्शन केंद्र सरकारची. म्हणजे दर नोव्हेंबरात आपण हयात आहोत हे दाखवणं आलंच. १० नोव्हेंबर २०१४ ला 'जीवन प्रमाण', म्हणजे आधारवरून निघणारा डिजिटल दाखला, सुरू झाला. त्याआधी कागद घेऊन बँकेत जायचं, रांगेत उभं राहायचं, साहेब जेवायला गेलेत म्हणून परत बसायचं. एका बँकेत, नाव घेत नाही, काउंटरवरच्या पोराने मान वर न करता मला विचारलं होतं, "पेन्शनर हयात आहेत काय?" मी म्हटलं, "सकाळी निघताना तरी होते." त्याने पुढचा कागद मागितला. हसला पण नाही.

ही थट्टा वाटते, पण कागदावर मेलेल्या माणसाचे हाल थोडे नसतात. उत्तर प्रदेशात आझमगडकडे लाल बिहारी म्हणून एक जण १९७५ पासून १९९४ पर्यंत सरकारदरबारी मृत होता. जमिनीसाठी नातेवाइकांनीच तसं लिहवून घेतलं होतं. त्याने मग आपल्यासारख्यांचा 'मृतक संघ' काढला. त्यापुढे वर्षातून एकदा दाखला देणं काहीच नाही.

आता सेवेबद्दल. पोस्टात जाऊन सांगितलं, किंवा गल्लीतल्या पोस्टमनलाच थांबवून सांगितलं तरी चालतं. आमचा पोस्टमन कानडी घरातला, पण मराठी आमच्या नातवंडांपेक्षा साफ. आधार क्रमांक, पीपीओ (म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) नंबर, बँकेचं पासबुक आणि चालू मोबाईल एवढं जवळ ठेवा. मी सगळं एका डब्यात घालून ठेवलंय, कारण ऐनवेळी पीपीओ शोधताना घरात जे नाट्य होतं ते मला परवडत नाही.

"काकू, बोट ठेवा." ठेवलं. घेईना. दुसरं ठेवलं. तेही घेईना. यात मशीनचा दोष नाही. आधी एक्स्चेंजच्या स्विचबोर्डावरच्या दोऱ्या ओढून आणि मग भांडी घासून माझ्या बोटांवरच्या रेषाच गेल्यात. असं बऱ्याच म्हाताऱ्यांचं होतं. त्यावर तोड म्हणून २०२१ पासून चेहरा दाखवून दाखला काढता येतो. आमच्या सोप्यात उजेड कमी, म्हणून आम्ही परड्यात गेलो. मोबाईल समोर धरून तो म्हणाला, "आता डोळे मिटून उघडा." हे कशाला, तर समोर कोणी फोटो धरू नये म्हणून. थोडक्यात, सरकारच्या लेखी माणूस जिवंत आहे की नाही ते पापणीवर ठरतं. मी मिटली, उघडली, पास झाले. लगेच मोबाईलवर प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या नंबराचा, मेसेज आला. आत चहाला उकळी यायची होती.

मुलाकडे स्मार्टफोन असेल तर हेच काम घरच्या घरी फुकट होतं. पण मुलगा पुण्यात, आणि पोस्टमन गल्लीत. शिवाय सत्तर रुपयांत कोणीतरी घरी येतं, खुर्चीवर बसतं, कुंदा खाऊन जातं. हा भाग फीच्या पावतीवर लिहिलेला नसतो.

जाताना तो म्हणाला, "पुढच्या वर्षी तुम्ही ऐंशीच्या, काकू. मी ऑक्टोबरातच येतो." खरंय, ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. आणि त्याहून गोड गोष्ट म्हणजे ऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के जादा. ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरी गाठली की पूर्ण १०० टक्के. सरकारने वयाला लावलेला हा चढता भाव मी नातवाला फोनवर वाचून दाखवला. तो म्हणाला, "मग थांबूच नको, आज्जी. कायमची जग. तशी गोळी निघाली तर घेशील काय?"

तो या विषयात बुडालेला आहे. ब्रायन जॉन्सन म्हणून एक अमेरिकन श्रीमंत गृहस्थ म्हातारपण हटवण्यावर पाण्यासारखा पैसा घालतो, हे त्यानेच मला सांगितलं. २०२३ मध्ये त्या गृहस्थाने स्वतःच्याच सतरा वर्षांच्या मुलाच्या रक्तातला प्लाझ्मा स्वतःला टोचून घेतला. फायदा काही दिसला नाही म्हणून मग बंद केला. मी म्हटलं, अरे, हा तर ययाती! आमच्या ययातीला निदान पुरूचं तारुण्य मिळालं तरी, आणि शेवटी त्याने ते परत केलं.

गोळीचं उत्तर मात्र मी लगेच दिलं नाही, कारण मला एक्स्चेंज आठवलं. ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असायचा. वेळ संपली की आम्ही मध्ये बोलायचो, "तीन मिनिटं झाली, वाढवू काय?" कॅम्पातला शिपाई असो, रविवार पेठेतला व्यापारी असो की मुंबईला दिलेल्या मुलीची आई, बुक करताना सगळे म्हणायचे, दोनच शब्द बोलायचेत. आणि विचारलं की सगळे म्हणायचे, वाढवा. कायमचा कॉल लावून द्या असं मात्र माझ्या नोकरीत कोणी मागितलं नाही. माझं तसंच आहे. कायमचं नको. पण पुढच्या ऑक्टोबरात पोस्टमनने विचारलं तर मी पापणी लववणार, आणि त्याच्या पुढच्या वर्षी पण.

नातू हुशार. म्हणाला, "म्हणजे शेवटी बेरीज तीच की गं." मी म्हटलं, तीच नाही. दरवर्षी विचारणार असतील तर फोन खाली ठेवायचं माझ्या हातात राहतं. गोळी घेतली की ते गेलं. आणि अमर होऊन बोलायचं तरी कोणाशी? इथून जवळच सौंदत्तीला यल्लम्माचा, म्हणजे रेणुकेचा, डोंगर आहे. तिचा लेक परशुराम सात चिरंजीवांतला एक. आईला भेटायला पौर्णिमेला लाखो लोक चढतात, पण त्याच्या बरोबरीचं कोण उरलंय? मला अजून मैत्रिणींचे नंबर पाठ आहेत, त्यातल्या बऱ्याच घरांत आता उचलायला कोणी नाही.

तरी लांब जगलेल्यांचा मला हेवा वाटतो, हे कबूल. फ्रान्समध्ये आर्ल गावची जान काल्माँ १९९७ साली गेली, १२२ वर्षं आणि १६४ दिवसांची होऊन. तिची गोष्ट पेन्शनरांनी ऐकावी अशीच आहे. १९६५ मध्ये ती नव्वदीची असताना एका वकिलाने तिच्याशी करार केला: ती असेपर्यंत महिना २५०० फ्रँक तो देणार, ती गेली की घर त्याचं. वकील तीस वर्षं पैसे भरत राहिला आणि १९९५ मध्ये तोच आधी गेला. पुढचे हप्ते त्याच्या बायकोने भरले. अशी बाई आमच्या अकाउंट्स सेक्शनला भेटली असती तर!

आणि आपल्याकडचे दोघे. धोंडो केशव कर्वे आणि विश्वेश्वरय्या. एक मराठी, एक कानडी, दोघे भारतरत्न, दोघांनीही शंभरी बघितली आणि दोघेही १९६२ सालीच गेले. बेळगावात कुठल्याही गोष्टीवरून वाद होतो, पण या हिशेबात सीमाप्रश्न शिल्लक राहत नाही. विश्वेश्वरय्यांच्या नावाचं विद्यापीठ इथंच, मच्छेला. दोघांच्या हातात उतारवयातही काम होतं. मला वाटतं, वर्ष वाढवून मागायला तेवढं कारण पुरतं. माझ्याकडे सध्या परड्यातली तोंडली आहेत आणि वरच्या मजल्यावरच्या वैनी.

एक सावधगिरी. नोव्हेंबर आला की 'तुमचा दाखला अपूर्ण आहे, ओटीपी सांगा' असे फोन येतात. ते चोर असतात. फोनवर कोणालाही ओटीपी सांगू नका.

वैनींचा दाखला पण मी त्याच दिवशी उरकून घेतला. त्या ब्याऐंशीच्या, फॅमिली पेन्शनवाल्या. त्यांच्या फॉर्ममध्ये एक जादा प्रश्न असतो, पुनर्विवाह केलाय काय? पोस्टमनने बिचाऱ्याने खाली बघत विचारला. वैनींचा मुलगा शेजारीच उभा.

वैनी म्हणाल्या, "आत्ता 'नाही' लिहिलं तर पुढच्या वर्षी 'हो' लिहिता येतं काय ओ?"

"येतं की, आज्जी. पण मग पेन्शन बंद."

वैनींनी थोडा विचार केला. "मग 'नाही'च लिव्हा," म्हणाल्या, "पण पेन्सिलीनं."