अ‍ॅलर्जीची गोळी: सेटिरिझिन की फेक्सोफेनाडिन?

सतत शिंका, गळणारं नाक, डोळ्यांना खाज, अंगावर उठलेलं पित्त. या सगळ्यावर दोन्ही गोळ्या चालतात. निवड होते ती दुष्परिणामांवरून, आणि मी विचारते तो पहिला प्रश्न असा: गोळी घेतल्यावर गाडी चालवायची आहे का?

सेटिरिझिन स्वस्त, लवकर गुण देणारी, म्हणून घराघरात असते. जुन्या औषधांपेक्षा तिने पेंग कमी येते हे खरं, पण काहींना चांगलीच झापड येते. सोबत दारू किंवा झोपेची गोळी असेल तर जास्तच. लेव्होसेटिरिझिन तिचंच भावंड. दोन्ही रात्री घेतलेल्या बऱ्या. ही औषधं मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडतात, त्यामुळे किडनीचा त्रास असेल तर डोस डॉक्टरांनीच ठरवावा. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. कित्येक महिने रोज घेऊन एकदम बंद केली, तर काही जणांना अंगभर तीव्र खाज सुटते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रकांनी, २०२५ मध्ये तसा इशाराही दिला. रुग्णाला वाटतं अ‍ॅलर्जी परतली, आणि तो पुन्हा गोळी सुरू करतो.

फेक्सोफेनाडिन मेंदूत जवळजवळ पोचतच नाही. ड्रायव्हर, मशिनवर काम करणारे, परीक्षेला बसलेली मुलं यांच्यासाठी माझा कौल हिलाच. कधी डोकं दुखतं, कधी मळमळतं, एवढंच. टर्फेनाडिन हे जुनं औषध हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवतं म्हणून बाजारातून गेलं. त्यापासून शरीरात तयार होणारा घटक म्हणजेच फेक्सोफेनाडिन, आणि त्यात तो धोका नाही. किंमत मात्र जास्त, आणि पथ्यही आहे. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली तर ती नीट शोषली जात नाही, म्हणून साध्या पाण्याबरोबरच घ्यावी. अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड घेत असाल तर दोन्हींत दोनेक तासांचं अंतर ठेवा.

मला खरी काळजी वाटते ती तिसऱ्या औषधाची, कारण ते कुणी निवडतच नाही. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन हे अ‍ॅलर्जीचं जुनं औषध असतं. ब्रँडच्या ठळक नावाखालची बारीक अक्षरं वाचा, तिथे सापडेल. त्याने पेंग तर येतेच, शिवाय तोंड कोरडं पडतं आणि बद्धकोष्ठता होते. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी तुंबू शकते, काही प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यावरचा दाब वाढतो, म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ उडतो, तोल जातो. घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर हे देऊच नका. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध) एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं भारतीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये बजावलं आहे.

लेव्होसेटिरिझिनच्या स्ट्रिपवर ‘मॉन्टेलुकास्ट’ही लिहिलेलं असेल तर ती नुसती अ‍ॅलर्जीची साधी गोळी समजू नका. मॉन्टेलुकास्ट हे वरच्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांसारखं अँटिहिस्टामाइन नाही, ते वेगळ्या प्रकारचं औषध आहे. ते घेताना भयानक स्वप्नं, चिडचिड, उदासी जाणवली, विशेषतः मुलांमध्ये, तर लगेच डॉक्टरांना सांगा.