युजनेट, बीबीएस की आयआरसी : जुन्या जाळ्यात आज शिरू पाहणाऱ्या हौशी मंडळींसाठी

जुने संगणक, हौशी रेडिओ किंवा प्रोग्रामिंग यांची आवड असलेल्यांपैकी काहींना अलीकडे एक निराळीच ओढ लागलेली दिसते. समाजमाध्यमे येण्यापूर्वी या छंदांची माणसे जिथे जमत असत, तिथेच जाऊन बसावे असे त्यांना वाटते. ही इच्छा सहज पुरी होण्यासारखी आहे, कारण त्या काळातील युजनेट (विषयवार चर्चागटांचे जाळे), बीबीएस (बुलेटिन बोर्ड सिस्टिम, म्हणजे संगणकावरचा सूचनाफलक) आणि आयआरसी (इंटरनेट रिले चॅट, म्हणजे टंकून गप्पा मारण्याची सोय) ही तिन्ही ठिकाणे आजही चालू आहेत आणि तिथे पैसे न भरता जाता येते. हाताशी वेळ थोडा असेल तर आधी कुठे जावे, हे मात्र ठरवावे लागते. माझ्या मते हा निर्णय दोन गोष्टींवर अवलंबून आहे : उत्तराची वाट पाहण्याची आपली किती तयारी आहे, आणि झालेले बोलणे मागे उरावे असे आपल्याला वाटते की नाही.

वाट पाहण्याची तयारी असेल तर युजनेटला तोड नाही. १९७९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना याची कल्पना सुचली आणि १९८० मध्ये ते सुरू झाले. याला मध्यवर्ती संगणक असा नाहीच. एका सर्व्हरवर टाकलेला लेख तो सर्व्हर शेजारच्यांना देतो, ते पुढच्यांना देतात, आणि अशा रीतीने तो सर्वत्र पोहोचतो. विषयवार गटांची नावे वडाच्या पारंब्यांसारखी वरून खाली उतरत जातात. ‘कॉम्प’ म्हणजे संगणक, ‘साय’ म्हणजे विज्ञान, ‘रेक’ म्हणजे छंद आणि करमणूक, ‘सोक’ म्हणजे समाज. याच रचनेत ‘सोक.कल्चर.इंडियन.मराठी’ हा गट होता, आणि ‘रेक.म्युझिक.इंडियन.क्लासिकल’ या गटात रागांवरून वाद झडत असत. संगणकावर देवनागरी सहजी उमटत नसे त्या दिवसांत, अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्स पद्धतीने रोमन अक्षरांत उतरवलेली हिंदी चित्रपटगीते अशाच रसिकांमध्ये फिरत होती.

आज हे सगळे तितकेच गजबजलेले आहे असे समजून कोणी गेल्यास त्याची निराशा होईल. संगीताचे गट जवळपास ओस पडले आहेत. मात्र सी या प्रोग्रामिंग भाषेचा ‘कॉम्प.लँग.सी’ किंवा जुन्या संगणकांच्या आठवणी निघतात तो ‘आल्ट.फोकलोअर.कॉम्प्युटर्स’, अशा गटांत अजूनही जाणकारांचा राबता आहे. गूगल ग्रुप्स या गूगलच्या चर्चासेवेने २२ फेब्रुवारी २०२४ पासून युजनेटशी देवाणघेवाण थांबवली, तेव्हापासून तिथल्या जाहिरातबाजीचा कचराही बराच कमी झाला आहे. सामील होण्यासाठी थंडरबर्डसारखे एखादे सॉफ्टवेअर आणि इटर्नल सप्टेंबर या सर्व्हरवरचे विनामूल्य खाते एवढे पुरते. (दर सप्टेंबरला विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत आणि त्यांना रीतभात शिकवण्यात जुन्यांचे काही आठवडे जात. १९९३-९४ च्या सुमारास व्यापारी सेवांचे ग्राहक बारा महिने येऊ लागले आणि तो सप्टेंबर संपलाच नाही, असा त्या नावामागचा टोमणा आहे.)

रीतभात मात्र खरोखर शिकावी लागते. आधी काही दिवस नुसते वाचावे आणि गटाची नेहमीच्या प्रश्नांची यादी असल्यास ती चाळावी. उत्तर देताना आधीच्या लेखातील नेमकी लागणारी ओळ तेवढी ‘>’ या खुणेसह ठेवावी, बाकी मजकूर काढून टाकावा आणि आपले म्हणणे त्या ओळीच्या खाली लिहावे. शेवटी दोन आडव्या रेघा व एक मोकळी जागा सोडून केलेली सही चार ओळींपेक्षा मोठी नसावी. हे सोवळे पहिल्यांदा जाचक वाटते, पण आठ दिवसांनी आलेले उत्तर वाचताना आपण काय विचारले होते ते तिथेच दिसते, तेव्हा त्यामागचे शहाणपण पटते.

बीबीएसची तऱ्हा अगदी वेगळी आहे. जानेवारी १९७८ मधील हिमवादळात शिकागोत घरी अडकलेल्या वॉर्ड क्रिस्टन्सन यांनी रँडी सूस यांच्यासह पहिल्या बीबीएसची जुळवाजुळव सुरू केली आणि १६ फेब्रुवारीला ती लोकांसाठी खुली झाली. एक संगणक, एक मोडेम आणि एक फोनलाइन एवढाच तो संसार असल्यामुळे एका वेळी एकालाच आत जाता येई. फोन स्थानिक असल्यामुळे माणसेही एकाच गावची असत. १९८४ मध्ये टॉम जेनिंग्स यांनी सुरू केलेल्या फिडोनेटमुळे अशी ठाणी रात्री एकमेकांना फोन लावून निरोपांची अदलाबदल करू लागली. आता फोनऐवजी टेलनेटने, म्हणजे इंटरनेटवरून दूरच्या संगणकात शिरण्याच्या जुन्या पद्धतीने, सिंकटर्मसारख्या प्रोग्राममधून आत जाता येते. ऐंशी रकान्यांच्या काळ्या पडद्यावर अक्षरांनीच काढलेले रंगीत चित्र ओळीओळीने उतरते, नाव-गाव विचारले जाते, आणि मग एकेका अक्षराचा मेनू पुढे येतो. कित्येक ठिकाणी चालक, म्हणजे सिसॉप, स्वतः तुमची नोंद पाहून मगच पुढची दारे उघडतो. माणसे थोडी आणि यंत्राचे कौतुक फार, असा हा मामला आहे. ज्याला यंत्रातच रस आहे त्याने इथे जरूर जावे, पण केवळ गप्पांसाठी कोणी जाऊ नये.

आयआरसी फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ऑगस्ट १९८८ मध्ये लिहिले. तिथे बोलणे तत्क्षणी होते, आणि तुम्ही हजर नसाल तर ते तुमच्यापुरते झालेच नाही असे समजावे, कारण मागचे संवाद सर्व्हर सहसा दाखवत नाही. खोलीत शेकडो नावे दिसतात आणि तासभर कोणी अवाक्षर काढत नाही. अशा वेळी ‘कोणी आहे का’ असे विचारण्यात अर्थ नाही, प्रश्न सरळ मांडावा आणि खिडकी उघडी ठेवून आपल्या कामाला लागावे. उन्हाळ्यात पुण्यात रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा न्यू यॉर्कला सकाळचे अकरा आणि बर्लिनला संध्याकाळचे पाच वाजलेले असतात, त्यामुळे आपल्याला सोयीच्या वेळी युरोपीय मंडळी अधिक भेटतात. लिनक्स किंवा एखादे मुक्त सॉफ्टवेअर बसवताना अडलेल्या माणसाला २०२१ मध्ये सुरू झालेल्या लिबेरा.चॅट या आयआरसी जाळ्यावर जितकी चटकन मदत मिळू शकते, तितकी युजनेटवर मिळणे कठीण आहे.

मराठीत लिहायचे असेल तर बीबीएसचा विचार सोडावा, कारण तिथली जुनी अक्षरसंहिता देवनागरी जाणत नाही. आयआरसीवर देवनागरी चालते, पण एका संदेशाची मर्यादा ५१२ बाइट आहे, त्यातही काही भाग पत्त्याला जातो, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते. परिणामी इंग्रजीच्या मानाने ओळ तिसऱ्या हिश्श्यातच संपते. लांब मराठी लिहायला तिघांत युजनेटच सोयीचे आहे, फक्त वाचणारा मिळाला पाहिजे.

सुरक्षिततेच्या बाबतीत तिघांच्याही खोडी आहेत. टेलनेटने जाणारा पासवर्ड उघडाच प्रवास करतो, म्हणून बीबीएससाठी दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड घ्यावा. युजनेटवरचा ईमेल पत्ता कायमचा चव्हाट्यावर राहतो, तेव्हा ‘.इनव्हॅलिड’ शेपटीचा खोटा पत्ता लावण्याची तिथे मान्य असलेली पद्धत पाळावी. आयआरसीच्या काही जाळ्यांवर तुमचा आयपी पत्ता इतरांना दिसतो. लिबेरावर टोपणनाव नोंदवल्यानंतर तो झाकणारे आवरण (क्लोक) मागून घेता येते, म्हणून नोंदणी हे तिथले पहिले काम समजावे.

नोकरीधंद्यातून आठवड्याला एखाददुसरी सायंकाळ काढू शकणाऱ्याने युजनेटपासून आरंभ करावा, असे मी सुचवेन. दिवसभर संगणकासमोरच बसणाऱ्याने आयआरसी घ्यावे. हिंदुस्थानी संगीताच्या रसिकाला मात्र यांपैकी कुठेही खाते उघडण्याची गरज नाही. गूगल ग्रुप्सवर नवे लेख येत नसले तरी जुने वाचता येतात, आणि नव्वदच्या दशकातील रागचर्चा त्याने तिथेच शोधावी.