भारत गृह रक्षा विमा : अकरा महिन्यांनंतरचा अनुभव
पुण्यातील आमच्या सदनिकेसाठी ‘भारत गृह रक्षा’ विमा घेऊन अकरा महिने झाले. एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांनी घरासाठी हा ठरावीक नमुना द्यावा असा नियम झाला, त्यामुळे कंपनी कोणतीही असली तरी मूळ अटी सारख्याच असतात.

विम्याची रक्कम घराच्या विक्रीच्या किमतीवर नव्हे, तर पुन्हा बांधण्याच्या खर्चावर ठरते, हे मला प्रथम उमगले नव्हते. आमचे चटई क्षेत्र ६० चौरस मीटर. बांधकामाचा दर चौरस मीटरला २५,००० रुपये धरल्यावर १५ लाख रुपये झाले. घरातील सामानासाठी त्याच्या २० टक्के, म्हणजे ३ लाखांचे संरक्षण आपोआप मिळाले; त्याची कमाल मर्यादा १० लाख आहे.

ऑगस्टमध्ये एका रात्री सिंकखालचा पाइप फुटला आणि सकाळपर्यंत स्वयंपाकघरात घोटाभर पाणी साचले. पाहणीला आलेल्या सर्व्हेअरने ओट्याखालच्या कपाटाच्या फुगलेल्या प्लायवूडचे पापुद्रे बोटाने उचलून पाहिले, छायाचित्रे घेतली आणि ते नुकसान मान्य केले. मी लगेच त्यांना न्हाणीघराची ओलावलेली भिंतही दाखवली. त्यांनी नखाने रंगाची पोपडी काढली. खाली पिवळट डागांचे थरावर थर होते. “ही ओल आजची नाही,” एवढेच ते म्हणाले आणि तो भाग दाव्यातून वगळला गेला. त्या दिवशी मला वाईट वाटले, परंतु नंतर अटी शांतपणे वाचल्यावर त्यांचे म्हणणे पटले : पाइप किंवा टाकी फुटणे ही घटना आहे, तर हळूहळू झिरपणारी ओल ही झीज आहे, आणि झिजेची भरपाई हा विमा करत नाही.

शॉर्ट सर्किटने फ्रिज जळाला, तर त्या फ्रिजचे पैसे मिळत नाहीत. मात्र त्यातून आग पसरून इतर सामान जळाले, तर ते नुकसान धरले जाते. चोरीबाबत तर बहुतेकांचा गैरसमज असतो. आग, पूर, भूकंप अशा विमित घटनेमुळे आणि तिच्यानंतर सात दिवसांत झालेली चोरीच मूळ विम्यात येते; घर बंद असताना कुलूप तोडून झालेल्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. दागिनेही मूळ विम्यात नाहीत.

पुढील महिन्यात नूतनीकरण आहे. मी हाच विमा चालू ठेवणार आहे, घरफोडीचे संरक्षण जोडणार आहे, आणि दागिन्यांच्या संरक्षणासाठी आईच्या पाटल्यांचे मूल्यांकन सराफाकडून लेखी करून घेतले आहे.